डब्यातलं थालीपीठ कुणाच्या पोटात जातं?

सिंहगड रस्त्यावरून एका आईचं पत्र आलंय. गुढीपाडव्याला तिने घरातला मैदा, साखर, पांढरा तांदूळ आणि रिफाइंड तेल एका दिवसात बाहेर काढलं. तेव्हापासून फक्त ज्वारी-बाजरीची भाकरी, थालीपीठ, हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, गूळ आणि सैंधव. पहाटे पाचला उठून हे सगळं करून ती हिंजवडीला कामाला जाते. नवरा म्हणतो, "घराचा आश्रम केलास." सोलापूरकडच्या, सत्तरीच्या सासूबाई भाकरीकडे बघतही नाहीत. आणि परवा कळलं, की आठ वर्षांची लेक रोज डबा मैत्रिणीला देते, तिच्या डब्यातलं खाते आणि घरी "संपवला" म्हणून सांगते. "मी हे कुणासाठी करतेय?" असं तिने विचारलंय.

ताई,

लेकीपासून सुरुवात करते, कारण पत्र वाचून मला काळजी तिची वाटली. भाकरी आवडत नाही ही मोठी गोष्ट नव्हे. पण आठ वर्षांच्या मुलीला खाण्यावरून आईशी रोज खोटं बोलावं लागतंय, हे आजच थांबायला हवं. रागावू नका, डबा तपासू नका. "तू सांगशील तो डबा," एवढंच म्हणा आणि शब्द पाळा. पहिले काही दिवस ती पोळी-जॅम मागेल. द्या. संध्याकाळी शाळेतून भुकेली आली, की तुपावर खरपूस केलेलं छोटं थालीपीठ आणि दही समोर ठेवा. खाल्लं तर खाल्लं. नवी चव मुलांना घरच्या माणसांत बसून हळूहळू लागते. वर्गात, मैत्रिणींच्या डब्यांपुढे ती लागणं फार अवघड आहे.

भाकरी "कडू लागते" असं ती म्हणते, हे तुम्ही बहाणा म्हणून लिहिलंय. मला तसं वाटत नाही. बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं, आणि महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची भाकरी खरंच कडू लागते. पाकिटातलं पीठ आणण्यापेक्षा धान्य आणा आणि गिरणीतून आठवड्यापुरतं दळून घ्या. ज्वारीचं पीठही जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा चिरतात. उकळतं पाणी घालून मळलंत तर थोडं सावरतं, पण ताज्या पिठाची सर नाही. हातसडीच्या तांदळाला कोंडा असतो आणि कोंड्यात तेल, त्यामुळे तोही पावसाळ्यात फार टिकत नाही. दोन-दोन किलो आणा.

आणि बाजरी वैशाखात का, ताई? आपल्याकडे बाजरी थंडीची. भोगीला तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, मिसळ भाजी. उन्हाळ्यात ज्वारी, ताक, नाचणीची आंबील. (नाचणी मात्र सोडू नका, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.) तुम्ही जुन्या स्वयंपाकातली धान्यं तेवढी उचललीत, त्यातले ऋतू आणि सण राहून गेले. वरण, भात, तूप, लिंबू हे पुण्यातल्या कितीतरी घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जेवण आहे. लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी लागायलाही मदत होते. तो पांढरा भात परत आणा. घरची पोळीही परत आणा. गिरणीतून दळून आणलेली, न चाळलेली कणीक कोंड्यासकटच असते, तिला मैद्याच्या रांगेत बसवू नका.

सासूबाईंबद्दल तुम्ही "हट्टी" लिहिलंत. त्यांना एकदा १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारा. तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या असतील. सोलापूरकडे त्या वर्षांत रेशनवर मिलो म्हणून बाहेरून आलेली तांबडी ज्वारी मिळायची आणि दुष्काळी कामांवर सुकडी. घरात भात शिजायचा तो सणाला. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना ताटातली मऊ पोळी आणि पांढरा भात म्हणजे घराने मिळवलेलं सुख वाटत असेल, तर त्यात हट्ट कसला? पाडव्याला तुम्ही तेच ताटातून काढून घेतलंत, तेही न विचारता. त्यांना सांगा की चुकले, आणि मग मालदांडी ज्वारीच्या भाकरीबद्दल, हुरड्याबद्दल, कण्यांबद्दल विचारा. त्या बोलतील असं मला मनापासून वाटतं.

सैंधवाचं मात्र ऐकाच. वाढत्या मुलांच्या घरात रोजचं मीठ आयोडीनयुक्त हवं. सैंधवातून पुरेसं आयोडीन मिळत नाही. सैंधव ताकापुरतं ठेवा. गूळही शेवटी साखरच, लाडू गुळाचा आहे म्हणून चार द्यायचे नाहीत. आणि घरात मांस-अंडी होत नसतील तर दूध-दही कमी करू नका. सगळ्यांची बी-१२ची तपासणी एकदा करून घ्या, कारण धान्यांतून आणि भाज्यांतून ते मिळत नाही.

आता तुमचं पाचला उठणं. ज्या जेवणाची तुम्हाला ओढ आहे, ते पूर्वी एका बाईने नोकरी सांभाळून एकटीने केलेलं नव्हतं. घरात सासू, जावा, नणंदा होत्या, आणि तरीही पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका दमूनच जायच्या. तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस भाकरी करा, तीही रात्री, सगळे घरी असताना. रविवारी मंडईतून पालेभाजी आणणं आणि ती निवडणं यजमानांकडे. चाकवत आणि चुका त्यांना ओळखता आला नाही तर भाजीवाल्या मावशी सांगतील. गिरणीची खेपही त्यांचीच. आणि त्या दोन रात्रींपैकी एका रात्री भाकरी त्यांनी थापायची, हे आजच बोलून ठरवा. येत नसेल तर शिकवायला सासूबाई आहेत.