काळ्या कुत्र्याचे केस तांबूस पडले, चमक गेली. कोणतं तेल लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांचा काळा लॅब्राडॉर, राहणं नागपुरातच, उन्हाळ्यापासून केस राठ झालेत, पाठीवर तांबूस छटा आली आहे. तर खोबरेल लावू की मोहरीचं?

कोणतंच लावू नका.

तेल चोपडलं की अंग झळकतं, हे आपल्या डोक्यात बहुतेक पोळ्यानं बसवलंय. खांदेशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद, दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल. पण बैल तुमच्या गादीवर झोपत नाही, आणि त्याचा तो थाट वर्षातून एकदाच असतो. तुमचा कुत्रा काही तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलही नाही, की पॉलिश मारलं आणि झालं.

हे मी शहाणपणानं सांगून राहिलो नाही, पोळलोय म्हणून सांगतोय. आमच्या घरी काळ्या आहे, अर्धा लॅब्राडॉर, अर्धा गावठी. तो तीन वर्षांचा असताना त्याचं नेमकं तुमच्या कुत्र्यासारखंच झालं होतं. मी मे महिन्यात मोहरीचं तेल रगडलं. चार दिवसांत अंगणातली सगळी माती त्याच्या अंगावर, चाटून चाटून पोट बिघडलेलं, आणि सोफ्याचा वास तर विचारूच नका. मग एक पाऊल पुढे जाऊन त्याचे केस मशीननं पार बारीक करून आणले. वाटलं, ४५ डिग्रीत बिचाऱ्याला गार वाटेल. लॅबला केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला मऊ. ते दोन्ही मिळून ऊनही अडवतात. मी तो आडोसाच काढून टाकला. पाठीची कातडी लाल झाली, आणि केस परत आले तेही चट्ट्याचट्ट्यानं, कापसासारखे. सारखे व्हायला वर्षाच्या वर लागलं.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठीवरून उलटा हात फिरवला, बोटं पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?"

सकाळी दूध-पोळी, रात्री दही-भात, वर तूप. माझ्या आईनं तर मोठ्या अभिमानानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे तुम्ही माणसाला देऊन राहिल्या."

केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोटीन. कुत्र्याला रोज लागणाऱ्या प्रोटीनपैकी पाव ते तिसरा हिस्सा एकट्या कातडी-केसांवर जातो. खाण्यात ते कमी पडलं की शरीर आधी हृदय, यकृत, स्नायू यांचं भागवतं आणि केसांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. काळ्या कुत्र्यात तर हे रंगावरच दिसतं. काळा रंग टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून तयार होतो, ते कमी पडलं की काळ्याचं तांबूस होतं. अर्थात आपलं ऊनही काळे केस तांबूस करतं. म्हणून पोटाखालचे, ऊन न लागणारे केस बघा आणि पाठीवरचे केस बाजूला करून मुळाशी बघा. मुळाशी काळेभोर आणि टोकाला तांबूस असतील तर बहुधा उन्हाचं काम. पोटाखालीही तांबूस असतील तर ताटात बघा.

प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात किमान १८ टक्के प्रोटीन असावं असा मापदंड आहे, वाढत्या पिल्लाला साडेबावीस. पोळी-भात त्याच्या आसपास जात नाही. शिवाय धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त अडवून धरतं, आणि जस्त कमी पडलं की नाकाडोळ्याभोवती खपल्या धरतात. तयार खाद्य देत असाल तर चांगल्या प्रतीचं द्या, पण एक गोष्ट नागपूरकर विसरतात: मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. पंधरा किलोचं पोतं उघडं ठेवलं तर त्यातली चरबी खवट होते, ई जीवनसत्त्व उडतं, आणि मग महाग पोतं आणूनही केस तसेच. लहान पाकीट आणा, तोंड घट्ट बंद करा, सावलीत ठेवा. दुकानात डब्यातून सुटं तोलून देतात ते मी घेत नाही.

घरचंच द्यायचं तर उकडलेलं चिकन आणि उकडलेलं अंडं. कच्चं अंडं नको, त्यातला पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतो. फक्त घरच्या खाण्यावर ठेवणार असाल तर एकदा डॉक्टरांकडून कॅल्शियम आणि बाकी गोष्टींचं गणित जुळवून घ्या, अंदाजानं चालत नाही. आणि पाहुणे आले की सावजीचा रस्सा, हाडं, 'थोडंसंच दिलं' हे बंद. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि शिजलेलं हाड टोकदार तुटतं. मनुका-द्राक्षंसुद्धा नकोत.

तेल हवंच असेल तर ते ताटात घाला. चमकेसाठी खरं काम करतं लिनोलेइक आम्ल, आणि ते सूर्यफुलाच्या आणि आपल्या जुन्या करडईच्या तेलात भरपूर असतं. तुमच्या कुत्र्याच्या वजनाला दिवसाला एक चहाचा चमचा जेवणात पुष्कळ झाला. जास्त घालाल तर हागवण, वजन, स्वादुपिंडाचा त्रास. माझी आई जवसावर अडून बसली होती. विदर्भात जवसाची चटणी म्हणजे औषध, कुत्र्याला का नाही? जवस वाईट नाही, पण त्यातलं ओमेगा-३ कुत्र्याच्या शरीराला उपयोगी रूपात फारच कमी बदलता येतं. खाज, लाली असेल तर माशाचं तेलच चांगलं, मात्रा वजनावर ठरवून. आई अजून म्हणते, "काहून बाप्पा, आमच्या घरात मासोळी!" कॅप्सूल आहे म्हटल्यावर गप्प बसली.

आता गोचीड. खाणं कितीही सुधारा, गोचीड असेल तर सगळं पाण्यात. पावसाळ्यात कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली रोज बोटं फिरवा. एक मादी हजारोंनी अंडी घालते आणि ती कुत्र्याच्या अंगावर नाही, तुमच्या भिंतीच्या फटीत, कूलरच्या मागे. म्हणून नुसता कुत्रा साफ करून काही होत नाही, फटी बुजवा आणि त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. रॉकेल, फिनाईल, डेटॉल अंगाला लावण्याचे सल्ले मिळतील, ऐकू नका. गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांकडून घ्या. घरात मांजर असेल तर ते आवर्जून सांगा, कुत्र्यांच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. ताप, जेवण सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काहीही दिसलं तर केसांचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडाचा ताप थांबून राहत नाही.

पिसवा आहेत का ते घरीच कळतं. बारीक फणीनं विंचरा, पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. भोवती तांबडं सुटलं तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. लॅबच्या अंगावर स्वतःचं तेल असतं, दर रविवारी धुतलं की तेच निघून जातं. शॅम्पू कुत्र्यांचाच. आपली कातडी आम्लधर्मी, त्यांची त्यामानानं उदासीन, त्यामुळे आपला शॅम्पू त्यांना कोरडं पाडतो. फेस निघेपर्यंत धुता त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पाणी ओता, आणि मुळापर्यंत कोरडं करा. पावसाळ्यात आतला थर ओला राहिला की एका रात्रीत ओला, चिकट, दुखरा चट्टा पडतो.

त्यापेक्षा रोज पाच मिनिटं ब्रश करा. मेलेले केस निघतात आणि कातडीतलं तेल टोकापर्यंत पोचतं. माझ्या मते बाजारातल्या सगळ्या 'शाईन स्प्रे'पेक्षा हे भारी, आणि फुकट. काळ्याला तर हे इतकं आवडतं की ब्रश दिसला की तो स्वतःच आडवा होतो.

हे सगळं करूनही दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा गोल टक्कल, दोन्ही कुशींवर सारखीच केसगळ, न खाता वाढणारं वजन, दिवसभर सुस्ती असं काही असेल तर दाखवाच. थायरॉइड असू शकतं, खरूज असू शकते, गजकर्ण असेल तर ते तुम्हालाही लागू शकतं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला वेळ लागत नाही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही कुत्री तपासतात.

दोन महिने म्हणतोय ते उगाच नाही. कुत्र्याची कातडी नवी व्हायला तीन आठवडे लागतात आणि खाण्यातल्या तेलाचा परिणाम दिसायला सहा ते आठ. जे केस तांबूस झालेत ते काही परत काळे होणार नाहीत, ते गळतील आणि नवे काळे येतील. आत्ता दिवाळी झाली. आज ताट बदललंत तर होळीच्या आसपास तो मोठी केसगळ काढेल तेव्हा खालून काय निघतं ते बघा. आणि रंगपंचमीला पोरांना सांगा, त्याच्या अंगावर रंग टाकायचा नाही.