मी बोलले म्हणून माझं बाळ गेलं का?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कोणी भांडणात नवऱ्याला "जा एकदाचा" म्हणालेली असते आणि आठवड्याभरात त्याला अटॅक येतो, कोणी पोराला "तुझ्याच्याने काही होणार नाही" म्हटलेलं असतं आणि पोरगा खरंच नापास होतो, आणि मग चर्चच्या उपासनेत ऐकलेलं बायबलचं वचन डोक्यात घुमायला लागतं, जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे, नीतिसूत्रे 18:21. मग माणूस रात्र रात्र जागतो आणि मागे बोललेली वाक्यं उकरत बसतो. आज ज्या ख्रिस्ती बहिणीबद्दल लिहितेय तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पहिल्या भेटीत ती जवळजवळ बोललीच नाही. छोटी वही घेऊन आली होती, मी काही विचारलं की त्यात लिहायची आणि वही माझ्याकडे फिरवायची. मधेच तोंडातून एखादं वाक्य निसटलं, "झोप लागत नाही" एवढंच, की लगेच दोन बोटं ओठांवर दाबून पुटपुटायची, रद्द, येशूच्या नावात रद्द, तीनदा. आणि पुन्हा वही. "तुम्ही कशा आहात?" याचं उत्तर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, मी प्रभूमध्ये पूर्ण बरी आहे, आणि ते लिहिताना डोळ्यातलं पाणी टपटप त्याच पानावर पडत होतं.

झालं होतं ते असं. लग्नानंतर पहिलंच गरोदरपण, उलट्यांनी जीव नकोसा झालेला, एका सकाळी बेसिनपाशी वाकलेली असताना ती म्हणाली, "देवा, आत्ताच कशाला, मला नकोय हे." घरात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. दोन आठवड्यांनी, दहाव्या आठवड्यात, मिसकॅरेज झालं. प्रार्थना ग्रुपमधल्या वयाने मोठ्या एक मावशी भेटायला आल्या, हिने मन हलकं करायला त्यांना बेसिनपाशी बोललेलं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, जिभेला जपायला हवं होतंस ना, सैतान ऐकतच असतो." त्या दिवसापासून हिची वही सुरू झाली, माझ्याकडे आली तेव्हा त्याला चार महिने झाले होते.

मी सगळ्यात आधी तिला पुन्हा डॉक्टरकडे पाठवलं. कारण वहीत मागे कुठेतरी लिहिलेलं होतं की पोटात अजून दुखतं, पाळी नीट येत नाही, पण तपासणीला गेल्यावर तिने "काही त्रास नाही" असं सांगून टाकलेलं, का तर आजार तोंडाने म्हटला की तो आपला होतो. हे मला फार घाबरवतं, खरं सांगते. शिकवणुकीत चूक काय बरोबर काय ते नंतर बघू, पण डॉक्टरपुढे दुखणं लपवायला लावणारा विश्वास मी एक दिवसही तसाच राहू देणार नाही. तिला म्हटलं, बोलायचं नसेल तर वही दाखव, पण जे आहे ते लिही.

डॉक्टरांनी तिला समजावलं की कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के असे जातात आणि पहिल्या तीन महिन्यांत जातात त्यातल्या जवळपास निम्म्यांत गर्भाच्या क्रोमोसोममध्येच बिघाड असतो, जो बहुतेक वेळा अगदी सुरुवातीलाच झालेला असतो, म्हणजे आईला उलट्या सुरू व्हायच्याही आधी. हिच्या बाबतीत नेमकं कारण तपासलं गेलं नव्हतं, पण कुठल्याही आईच्या वाक्याने गर्भ पडत नाही एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ती ऐकून आली आणि माझ्यासमोर वहीत लिहिलं, डॉक्टर खरं बोलत असतील, पण मग वचन खोटं आहे का?

इथे मला वाटतं बरेच समुपदेशक घाई करतात. धार्मिक भीती आहे, सोडून दे म्हणतात. पण तिचं अख्खं आयुष्य त्या पुस्तकावर उभं आहे, ते बाजूला ठेव म्हटलं तर ती मलाच बाजूला ठेवेल, आणि तसं म्हणणं मला पटतही नाही. म्हणून आम्ही बायबल उघडूनच बसलो.

तिचं म्हणणं होतं जखऱ्याकडे बघा. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात गब्रीएल दूत त्याला मुलगा होणार म्हणून सांगतो, तो म्हातारा शंका काढतो आणि मुका होतो. हिने एका संदेशात ऐकलं होतं की देवाने मुद्दाम त्याचं तोंड बंद केलं, नाहीतर तो नकारात्मक बोलून बाळ घालवून बसला असता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही चार महिने जखऱ्या होऊन जगतेय! देवाने हिचं तोंड बंद केलं नाही म्हणून हिने स्वतःच ते बंद केलं. मी म्हटलं 20वं वचन मोठ्याने वाच. तिने वाचलं (वचन वाचताना तिला भीती नव्हती, तेवढाच तिचा आवाज मी तोवर नीट ऐकला होता). तिथे दूत म्हणतो की माझ्या शब्दांवर तू विश्वास ठेवला नाहीस म्हणून तू मुका होशील, आणि त्याच वाक्यात म्हणतो की माझे शब्द त्यांच्या वेळी पूर्ण होतील. ती थांबली. परत वाचलं. शंका काढून झालेली होती, शब्द तोंडातून गेलेले होते, आणि तरी त्याचा मुलगा योहान जन्माला येणारच होता, ते जखऱ्याच्या जिभेवर ठेवलेलंच नव्हतं.

मग रिबकाची गोष्ट काढली, उत्पत्ति 25:22. हे मला वाटतं प्रत्येक गरोदर बाईला माहीत असायला हवं आणि यावर कोणी संदेश देत नाही. पोटात जुळी एकमेकांना ढकलतायत, ही वैतागलेली, आणि म्हणते, असंच असेल तर मी जगू तरी कशाला. पोटुशी असताना बोललीय ही! बेसिनपाशी बोललेल्यापेक्षा कितीतरी जड वाक्य आहे. आणि पुढे काय होतं, तर ती परमेश्वराला विचारायला जाते आणि परमेश्वर तिला उत्तर देतो, रागावत नाही, ते वाक्य मागे घे म्हणत नाही, तथास्तुही म्हणत नाही. याकोब आणि एसाव दोघं जन्मले. सारा तर म्हातारपणी मुलगा होईल हे देवाचं वचन ऐकून मनात हसली होती, मुलाचं नावच इसहाक पडलं, हसणं.

ती हुशार आहे, लगेच लिहिलं, मग राहेल? उत्पत्ति 31 मध्ये याकोब त्याच्या सासऱ्याला, लाबानला, म्हणतो की ज्याच्याकडे तुझे देव सापडतील तो जिवंत राहणार नाही, ते त्याच्या बायकोने, राहेलनेच चोरलेले असतात, त्याला माहीत नसतं, आणि पुढे बन्यामीनच्या बाळंतपणात ती जाते. त्या दिवशी माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं आणि मी तसं तिला सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोघींनी 31 ते 35 सलग वाचलं. मधे बराच काळ जातो, देव राहेलची प्रार्थना ऐकून तिला योसेफ आधीच दिलेला असतो, आणि 35व्या अध्यायात लिहिणारा मरणाचा आणि त्या वाक्याचा संबंध कुठेच जोडत नाही, संबंध आपण जोडतो. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही असंच विचारलं होतं, कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या, योहान 9, आणि येशूने दोन्हीला नाही म्हटलं.

आपण बोललेलं घडतंच ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन आणि नंतर केनेथ हेगिन या उपदेशकांच्या लिखाणा-भाषणातून वाढली आणि जगभर गेली. त्यांचा आधार मार्क 11:23, डोंगराला सांगितलं की तो सरकेल. पण त्याच्या आधीचं 22वं वचन आहे देवावर विश्वास ठेवा, आणि 25वं आहे कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. मधलं एकच उचललं की देव बाजूला राहतो आणि आपलं तोंडच देव होऊन बसतं, आणि मग ज्या बाईचं बाळ गेलं तिला वाटायला लागतं की मीच मारलं. आशेने बोलावं, प्रार्थनेत धीटपणे मागावं याच्या मी विरोधात नाही, मी स्वतः तसं करते. दुःख तोंडाने काढलं की ते पाप, याच्या मी विरोधात आहे, कारण मग बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचं काय करायचं? त्याने तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, पुढे कितीतरी अध्याय तक्रार केली, आणि शेवटी 42:7 मध्ये देव त्याला दोष देणाऱ्या मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखं नीट बोलला नाहीत.

देव हे ईयोबाला नाही, त्याच्या मित्रांना सुनावतो, लक्षात घ्या. तिला मी विचारलं, जीवन आणि मरण जिभेच्या हाती, हे वचन तुझ्या घरात नेमकं कुठे खरं झालं? ती बेसिन लिहायला लागली, मी म्हटलं थांब, तुझ्या त्या वाक्यानंतर दोन आठवडे तू जेवत होतीस, झोपत होतीस, बोलत होतीस. बोलणं कधी बंद झालं? तिने खूप वेळ वहीकडे बघितलं आणि मग वही मिटून, माझ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच तोंडाने दिलं, "त्या मावशी बोलल्या तेव्हा."

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा (हा याकोब वेगळा) तिसरा अध्याय हेच सांगतो, जिभेने आपण प्रभूचा धन्यवाद करतो आणि देवाच्या प्रतिरूपाने घडलेल्या माणसांना त्याच जिभेने शाप देतो. नीतिसूत्रे 12:18 मध्येही अविचाराने बोलणं तलवारीसारखं भोसकतं असं आहे, आणि भोसकलं जातं ते ऐकणाऱ्याला. त्या मावशींच्या मनात वाईट नव्हतं, त्यांनाही हेच शिकवलं गेलंय आणि त्याही बहुतेक भीतीतच जगत असतील.

वचन पटलं म्हणून सवय सुटत नाही पण. एखादी गोष्ट मनात आली किंवा बोलली की ती घडेलच असं वाटणं, याला मानसशास्त्रात थॉट-अ‍ॅक्शन फ्यूजन म्हणतात आणि ते ओसीडीमध्ये, म्हणजे नको ते विचार आणि त्यांच्या भीतीने तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहण्याच्या आजारात, बरेचदा दिसतं. "रद्द" म्हटलं की क्षणभर बरं वाटतं, पण मनाला शिकवण काय मिळते, तर रद्द केलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी. म्हणून तिला म्हटलं की ओठांवर बोटं नेऊच नको असं नाही, फक्त दहा मिनिटं थांब, घड्याळ लावून, आणि वाक्यंही साधीच, "आज मी थकलेय", "डोकं दुखतंय". पहिल्या आठवड्यात तिला घाम फुटायचा. तिसऱ्यात एकदा दहा मिनिटं झालेली तिच्या लक्षातच आली नाहीत. सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. ज्यांचा दिवसाचा तासन्‌तास या रद्द करण्यात जातो त्यांनी नुसत्या प्रार्थनेवर किंवा नुसत्या माझ्यासारखीवर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावं.

सहाव्या भेटीला ती नवऱ्याला घेऊन आली. मी तिला आधीच म्हटलं होतं की बेसिनपाशीचं वाक्य कधीतरी त्याला सांगावं लागेल. तिने सांगितलं, वही न उघडता, थरथरत, आणि शेवटी म्हणाली, "पण मला हवं होतं रे ते बाळ." तो कितीतरी वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला की टेस्टचं कळलं त्या रात्री मी पण म्हणालो होतो, आत्ता कसं झेपणार आपल्याला, तू झोपली होतीस, आणि इतके दिवस मला वाटतंय की ते माझ्यामुळे गेलं, म्हणून तू बोलत नव्हतीस तेव्हा वाटायचं तुला कळलंय आणि तू माझ्यावर रागावलीयस.

मी त्यांना खोलीत तसंच बसू दिलं आणि बाहेर येऊन पुढची अपॉइंटमेंट अर्ध्या तासाने पुढे ढकलली. आतून आधी तिचा आवाज येत होता, मग दोघांचा.