वेल्श कॉब सेक्शन डी जातीचा घोडा घेतलाय, शोमध्ये कुठल्या क्लासला उतरवू?
इंग्लंडात लोकल शोपासून सुरुवात करायचीय आणि गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) १३.२ हँड्सच्या (घोड्याच्या उंचीचं माप) वरचा, नोंदणीकृत सेक्शन डी आहे म्हणता, तर नुसतं नाव बघून 'शो कॉब'चा फॉर्म भरू नका, तो जातीचा नाही टाइपचा, म्हणजे अंगकाठीचा क्लास आहे, तिथे जाड हाडाचा, आयाळ पूर्ण भादरलेला गडी लागतो. तुम्ही माउंटन अँड मूरलँडमधला (ब्रिटनच्या मूळ, म्हणजे नेटिव्ह जातींचा विभाग) लार्ज ब्रीड्स हा क्लास बघा, आणि आयाळ, शेपूट, पायांवरचे केस कापायच्या भानगडीत पडू नका, नेटिव्ह तसेच दाखवतात. रायडिंग अजून कच्चं असेल तर आधी इन-हँड, म्हणजे वर न बसता हातात धरून दाखवायचा, फक्त ट्रॉटला (दुडक्या चालीला) बाजूने तुम्हालाच पळायचंय आणि डी एकदा सुटला की दम निघतो बरं का! उड्या आवडत असतील तर माउंटन अँड मूरलँड वर्किंग हंटर, मला विचाराल तर सगळ्यात मजा त्यातच. रॉयल वेल्श या वेल्समधल्या मोठ्या शोचं नंतर बघू.