उत्तर: दागिन्यांचा विमा, बँकेचा लॉकर आणि तुरीच्या डाळीचा डबा

ताई, घरातल्या या वस्तूंचा विमा काढावा का आणि कोणता, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचे पंचवीस तोळे सोनं, महालक्ष्म्यांची चांदीची भांडी, आजोबांनी घेतलेलं एक तैलचित्र. घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं. डिसेंबरात भावाचं लग्न. एजंट म्हणतो गृहविम्यात सगळं येतं, बाबा म्हणतात लॉकर आहे तर विमा कशाला. माझ्या मते दोघंही अर्धंच सांगून राहिले.

मी विम्याच्या धंद्यातला नाही. आमच्याकडे घरफोडी झाली, तेव्हा शिकलो. नंतर ओळखीतल्या चार-पाच जणांचे क्लेम त्यांच्यासोबत बसून भरले. माझा अधिकार तेवढाच.

२०१७ चा मे. भाचीच्या लग्नाला सगळे अमरावतीला. त्रिमूर्तीनगरातलं घर दोन रात्री बंद. परतलो तर कडीकोयंडा तुटलेला, कपाट उघडं, साड्या जमिनीवर. साठ ग्रॅम गेलं. बाकीचं नव्वद ग्रॅम बायकोने निघताना तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसलं होतं, ते वाचलं. तिचं कौतुक अख्ख्या गल्लीने केलं. दागिन्यांचा विमा होता दोन लाखांचा, गेलेला माल तेव्हाच्या भावाने एक लाख साठ हजारांचा. मी निर्धास्त होतो.

नुकसान तपासायला कंपनीचे सर्व्हेअर आले. सभ्य माणूस. चहा घेतला आणि सहज विचारलं, घरात एकूण सोनं किती होतं? बायकोने खरं सांगितलं, डबासुद्धा दाखवला. एकूण दीडशे ग्रॅम, म्हणजे चार लाखांच्या आसपास. त्यातल्या दोन लाखांचाच विमा, म्हणजे निम्म्याचा. म्हणून नुकसानही निम्मंच मान्य झालं: ऐंशी हजार. त्यातूनही ठरलेली वजावट गेली. डब्याने सोनं वाचवलं आणि त्या वाचलेल्या सोन्यानेच क्लेम अर्धा केला. याला अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणतात. कंपनीला दोष देत नाही, अट छापलेली होती. मीच वाचली नव्हती.

म्हणून पहिलं काम: तुमच्या पंचवीस तोळ्यांचे आजच्या भावाने किती होतात ते काढा. ऑगस्ट २०२० मध्ये दहा ग्रॅमचा भाव छप्पन हजारांच्या घरात होता आणि तेव्हाच लोक तोंडात बोटं घालत होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने लाख ओलांडला. कोणी २०२० मध्ये विमा काढून दरवर्षी त्याच रकमेवर नूतनीकरण करत असेल, तर ती पॉलिसी आज निम्म्या सोन्याचीसुद्धा राहिलेली नाही.

आणि 'तोळा' विसरा, ग्रॅम लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आईचे पंचवीस तोळे म्हणजे २५० ग्रॅम की २९१? हा फरक एकेचाळीस ग्रॅमचा आहे, एका चांगल्या गोफाएवढा.

आता एजंटचं म्हणणं. तो बहुधा 'भारत गृह रक्षा' विकतो आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांना ही एकसारख्या शब्दांतली गृहविम्याची पॉलिसी देणं बंधनकारक झालं. पॉलिसी वाईट नाही. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल, टाकी फुटणं, बरंच काही येतं. घराचा विमा काढला की त्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. पण सामान म्हणजे फ्रीज, टीव्ही, पलंग. दागिने, चांदी, चित्रं, जुन्या दुर्मीळ वस्तू हा वेगळा भाग आहे. तो मागून घ्यावा लागतो आणि त्याची रक्कम आधी ठरवून लिहितात. पाच लाखांपर्यंतचं संरक्षण असेल आणि एकही वस्तू लाखाच्या वर नसेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. तुमच्याकडे दोन्ही मर्यादा ओलांडल्या जाणार, म्हणजे दाखला लागणारच.

याहून मोठी गोष्ट चोरीची. मूळ पॉलिसीत चोरी येते, पण कोणती? आग, पूर वगैरे काही घडलं आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर. घर जळालं, भिंत पडली, लोकांनी सामान उचलून नेलं, असली. कुलूप तोडून रात्री कोणी शिरला तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं. एजंटला हे एकच विचारा आणि उत्तर मेलवर मागा. तोंडी 'हो ताई, सगळं आहे' याला क्लेमच्या दिवशी काही किंमत नसते. दसऱ्याला किंवा गुरुपुष्याला घेतलेली सोन्याची नाणी नि बिस्किटं असतील तर तीही वेगळी विचारा, कारण मूळ शब्दांत नाणी आणि धातूची लगड वगळलेली आहे.

घरफोडीचं जोडलं तरी शब्द बघायचाच. बहुतेक पॉलिस्यांत घरफोडी म्हणजे बळजबरीने, तोडफोड करून आत शिरणं किंवा बाहेर पडणं. युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पॉलिसीत अशी व्याख्या असेल तर नुसती चोरी पुरेशी नाही, बळाचा वापर दिसला पाहिजे. आपण बोलताना चोरी, घरफोडी सगळं एकाच अर्थाने बोलतो. पॉलिसी तसं बोलत नाही.

म्हणून आईसोबत बसा आणि तुमच्या घरातून दागिना कोणकोणत्या वाटेने जाऊ शकतो ते मोजा. महालातलं जुनं घर, मागचं दार बोळात उघडतं, तर घरफोडी आहेच. पण खरा धोका मला महालक्ष्म्यांचा वाटतो. भाद्रपदात तीन दिवस दोघी बसतात, अंगावर खरी पोत, खरी मोहनमाळ, पुढे चांदीची ताटं. जेवणाच्या दिवशी शंभर पानं उठतात, दार सताड उघडं, स्वयंपाकाला बाहेरच्या बायका. त्या दिवशी काही गेलं तर कुलूप तुटलेलं नसतं. ही साधी चोरी. तिच्यासाठी घरफोडीच्या भागात 'थेफ्ट' किंवा 'लार्सनी' जोडलेली लागते, आणि घरात कामाला असलेल्या माणसाने केलेली चोरी धरतात की नाही, ते वेगळं बघावं लागतं. घरच्याच सदस्याने नेलं तर सहसा काहीच मिळत नाही.

दुसरी वाट लग्नाची. दागिने लॉकरमधून निघतात, दोन दिवस घरी, मग लॉनवर, मग वधूच्या खोलीत कोणाच्या तरी पर्समध्ये. स्टेजजवळ ठेवलेली बॅग उचलून नेण्याचे प्रकार आपल्याकडे दर लग्नसराईत पेपरात असतात. घराच्या पत्त्यावरची पॉलिसी लॉनवर चालत नाही. रस्त्यात गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं तरी तेच. यासाठी 'ऑल रिस्क' संरक्षण असतं: वस्तूंची यादी लावतात आणि त्या घराबाहेर असल्या तरी विमा चालतो. नावात ऑल असलं तरी सगळं येत नाही. कुठे पडलं ठाऊक नाही, गाडीत ठेवून गेलो होतो, झिजलं, फास आपोआप तुटला, हे सहसा वगळलेलं. जोडीतली एकच पाटली गेली तर एकीचेच पैसे. दुसरी एकटी काय कामाची, हा प्रश्न कंपनी विचारत नाही. घडणावळ धरतात का, तेही बघा. काही कंपन्या फक्त धातूची आणि खड्यांची किंमत देतात. नक्षीच्या जुन्या तोड्यांत घडणावळ बरीच असते.

बाबांच्या लॉकरकडे येतो. त्यांना लॉकरच्या भाड्याची पावती काढायला सांगा. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याची लबाडी, यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. पंचवीस तोळ्यांपुढे तीन लाख म्हणजे दाताच्या फटीत अडकलेला दाणा. आणि पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेची जबाबदारी नाही. तिचा हलगर्जीपणा दिसला तरच. ही गोष्ट नागपूरकराला वेगळी समजवायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरांत पाणी होतं. सोन्याला पाण्याचं काही होत नाही म्हणा, पण तुम्ही तिथे कागदपत्रं, पैठण्या, मोत्याची नथ ठेवली असेल तर? बाबांचा लॉकर तळमजल्यावर आहे की तळघरात, हे तरी एकदा बघून या.

लॉकरमधल्या वस्तूंसाठी वेगळी पॉलिसी काही कंपन्या देतात. बँकेने स्वतः ती लॉकरधारकाला विकू नये असं रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे, त्यामुळे काउंटरवर कोणी गळ्यात मारत असेल तर जरा थांबा. लॉकर सोडा असं मी म्हणत नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस दागिने तिथेच बरे. विमा उरलेल्या पंधरा दिवसांचा आहे.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण क्लेम इथेच अडतात. इतवारीत सराफा ओळीत आजोबांनी घेतलेल्या दागिन्याची कच्ची चिठ्ठी असेल तर जपा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून प्रत्येक दागिन्याचं वजन, कॅरेट, खडे आणि फोटो असलेला दाखला घ्या. खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर सगळंच सोनं धरलं जातं आणि पुढे वाद. १ एप्रिल २०२३ नंतर दुकानातून घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो आणि प्रत्येक नगाचा वेगळा असतो. यादीत तो लिहा. जुन्या पाटल्यांवर तो नसणारच, त्यांच्यासाठी लग्नाचे अल्बम कामाला येतात. आमच्या क्लेममध्ये सासूबाईंच्या सत्तरीच्या फोटोने एक चपलाहार मान्य करवला.

बाबांना भीती असेल की यादी केली म्हणजे इन्कम टॅक्सवाले येतील. हे मी बऱ्याच घरांत ऐकलं. १९९४ च्या एका सूचनेनुसार छाप्यातसुद्धा विवाहित बाईचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. संपत्ती कर तर केव्हाच गेला. वाडवडिलांचं सोनं असेल तर ते तसं लिहून ठेवण्यात भ्यायचं काय?

चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलीस ठाणं आणि त्याच दिवशी कंपनीला मेल. फिर्यादीत फक्त रुपये लिहू नका, प्रत्येक वस्तूचं वजन लिहा. घाबरलेल्या अवस्थेत चार वस्तू सुटतातच. आठवल्या की लगेच पुरवणी जबाब द्या. महिन्याने दिलेल्या जबाबाकडे सर्व्हेअर संशयाने बघतो. माल सापडला नाही तर पोलीस शेवटी 'अ' समरी दाखल करतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. कंपनी बहुधा तो कागद मागते. आमच्या वेळी त्याला सात महिने लागले. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे; नागपूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं आणि वकील लागत नाही.

तैलचित्राचं मात्र मला नीट सांगता येणार नाही, चित्र पाहिल्याशिवाय तर नाहीच. एवढं खरं की सराफाचा मूल्यांकनकार इथे उपयोगाचा नाही, गॅलरी किंवा जाणकाराचं लेखी मत लागतं आणि रक्कम आधीच ठरवून घ्यायची असते. जळाल्यावर किंमत ठरवत बसलात तर हरलात. वाळवी, बुरशी, रंगाचे पोपडे असं हळूहळू होणारं नुकसान विम्यात येत नाही. म्हणून ते कूलरसमोरच्या भिंतीवर असेल तर आजच काढा. चार महिने दमट वारा खाल्लेल्या कॅनव्हासवर काळे ठिपके मी एका मित्राकडे पाहिले आहेत. चित्र शंभर वर्षांहून जुनं निघालं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते पुरावस्तू ठरू शकतं. मग नोंदणी लागते का, ते पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. बाकी समोरचा, मागचा आणि चौकटीचा फोटो, उजेडात काढलेला, एवढं तरी हवंच.

मागचा फोटो इथेच टाका, जमलं तर सहीचा जवळून एक. दिवाळीआधी टाकलात तर बरं, कारण लग्नाच्या तोंडावर मूल्यांकनकाराकडे रांग असते आणि ऑल रिस्क दागिने लॉकरमधून निघायच्या आधी सुरू झालेली हवी.