ओळखीचा माणूस बघून न बघितल्यासारखं का करतो?

तुम्ही विचारलंय, 'ऑफिसातला एकजण पूर्वी दिसला की हाक मारायचा, आता मान वळवून जातो. बढती मिळाली की माणसं अशी माजतात का?'

माजतात की. पण हा बढतीनंच माजलाय हे कशावरून?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं दूध घालणारे मामा बालिंग्याच्या बाजूनं येतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली, तेव्हा मामा कित्येक दिवस आले नाहीत. गल्लीत कुणी ब्र काढला नाही. पाणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. उलट ते आले त्या दिवशी त्यांना बसवून चहा पाजला.

त्याच हिवाळ्यात मामा रोज तास-तासभर उशिरा यायला लागले. बोलणंही तुटक. आठवडाभर बघितलं आणि मी घरात जाहीर केलं, "मामा लई माजल्यात. दुसरा बघूया."

गंमत पुढं आहे. माझं दुकान त्याच रस्त्याला, फुलेवाडीच्या पुढं. त्याच आठवड्यात मी दोनदा उशिरा शटर उघडलं आणि ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "काय करायचं, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलाय." रस्ता तोच, ट्रॉल्याही त्याच. मला उशीर झाला तर ट्रॉली, मामांना झाला तर माज! बायकोनं हे दाखवून दिलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

फ्रिट्झ हायडर या मानसशास्त्रज्ञानं 1958 मध्येच हे मांडलं होतं: माणूस आणि त्याचं वागणं समोर दिसतं, मागची परिस्थिती दिसत नाही, म्हणून आपण कारण माणसातच शोधतो. महापूर दिसला, दारात उभं राहून ट्रॉली दिसली नाही, एवढाच फरक.

बरं, परिस्थिती माहीत असूनही ही खोड जात नाही. 1967 मध्ये जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लोकांना क्युबाचा तेव्हाचा कम्युनिस्ट नेता कॅस्ट्रो याच्यावरचे निबंध वाचायला दिले. बाजू लिहिणाऱ्याची स्वतःची नाही, नेमून दिलेली आहे, असं सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांना कॅस्ट्रोच्या बाजूनं लिहिणारा मनातून थोडातरी त्याच्याकडं झुकलेला वाटला. आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला चिठ्ठीनं बाजू मिळायची, तरी 'हुंडा हवा' बोलणाऱ्या पोराकडं पोरी वर्षभर तिरक्या नजरेनं बघायच्या.

(जोन मिलर यांनी 1984 मध्ये अमेरिकन आणि म्हैसूरकर लोकांची तुलना केली, तेव्हा म्हैसूरची प्रौढ माणसं कारणं सांगताना परिस्थितीचा विचार जास्त करताना दिसली. मी काही त्यात बसत नाही.)

तुमच्या माणसाचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड केली यांच्या 1967 च्या मांडणीतले तीन प्रश्न कामाला येतील. तो सगळ्यांशीच असं वागतो का? दर वेळी असंच करतो, की हल्ली चार दिवसच? आणि बाकीचेही तुम्हाला टाळतात का? सगळ्यांशी आणि कायम असेल, तर तुमचा माजाचा अंदाज बरोबर निघेल. चार दिवसांचंच असेल, तर घरी कुणी आजारी आहे का, डोक्यावर नवीन काम पडलंय का, ते बघा. बाकीचेही टाळत असतील, तर जरा स्वतःकडं बघा.

आणि फक्त तोच, फक्त तुम्हालाच, दर वेळी टाळत असेल, तर त्यानं तुमच्याकडून उसने पैसे घेतलेत का, तेवढं आठवा.