गादी सरकून पायात कळ जात असेल, तर शस्त्रक्रिया करावी की थांबावे?

दोन महिन्यांपासून तुमच्या कंबरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते, एमआरआयच्या अहवालात एल४-एल५ या (कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या) मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे लिहिले आहे, एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे, दुसऱ्यांनी थांबायला सांगितले आहे आणि आता कोणाचे ऐकावे, हे तुम्हाला कळत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय दोघांपैकी कोणाचा सल्ला योग्य, हे सांगणे उचित होणार नाही. मात्र या निर्णयात कळ किती तीव्र आहे यापेक्षा पायातली ताकद शाबूत आहे की कमी होत चालली आहे, याला अधिक महत्त्व असते आणि नेमकी हीच गोष्ट अनेकांच्या बाबतीत नीट तपासलेली नसते.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे किंवा दोन्ही पाय एकदम लुळे पडू लागणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी मणक्याच्या खालच्या भागातील नसांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो आणि उशीर झाल्यास गेलेला ताबा परत येईलच याची खात्री नसते. कळीसोबत ताप असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता ताकदीविषयी. एल४ आणि एल५ या मणक्यांमधली गादी सरकली की बहुधा एल५ ही नस दबते आणि म्हणूनच तुमची कळ पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जात असावी. त्याखालची एस१ नस दबली असती, तर मुंग्या टाचेत आणि करंगळीच्या बाजूला आल्या असत्या. तपासताना मी रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलून धरायला सांगतो आणि एका बोटाने तो खाली दाबून पाहतो. निरोगी अंगठा सहजासहजी खाली जात नाही. एल५ कमकुवत असेल तर तो लगेच खाली जातो आणि रुग्णालाच आश्चर्य वाटते. त्यानंतर टाचांवर चालायला सांगितले की दुखऱ्या बाजूचे पाऊल वर राहते की खाली पडते, हे उघड दिसते. एस१साठी एका पायाच्या चवड्यावर लागोपाठ दहा वेळा उठायला सांगावे. ताकद दिवसेंदिवस घटत असेल, चालताना चप्पल पायातून निसटत असेल किंवा पाऊल जमिनीला अडखळत असेल, तर थांबण्याचा सल्ला लागू होत नाही. शल्यचिकित्सकांना तातडीने भेटावे. कळ एकाएकी नाहीशी झाली आणि पाऊल मात्र उचलता येईना, तर ते बरे होण्याचे लक्षण मुळीच नव्हे.

अहवालातील शब्दांनी मात्र फार घाबरू नये. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले असता, निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली आढळली होती. म्हणून अहवालातला दोष आणि तुमची लक्षणे एकाच नसेकडे बोट दाखवत आहेत ना, हे पाहावे लागते. तुमच्या वर्णनावरून ती जुळताना दिसतात.

ताकद शाबूत असेल, तर थांबण्याला भक्कम आधार आहे. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेते आणि गंमत म्हणजे मोठा, पूर्ण सुटून आलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा विरघळतो. बहुतेकांची कळ काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ओसरू लागते. या काळात अंथरुणाला खिळून राहू नये. झेपेल तेवढे, थोडे थोडे पण वारंवार चालावे आणि सलग बसणे टाळावे. व्यायाम व्हिडिओ पाहून निवडू नयेत, कारण एकाला पाठ मागे वाकवून आराम पडतो आणि दुसऱ्याची कळ त्यानेच वाढते. व्यायामानंतर कळ पावलातून मांडीत आणि मांडीतून कंबरेत सरकत असेल, तर कंबर थोडी अधिक दुखली तरी तो व्यायाम चालू ठेवावा. कळ पायात आणखी खाली उतरत असेल, तर तो बंद करावा. ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) आणि कमरपट्टा यांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचारांबाबत डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील नाईस या संस्थेच्या सूचनाही हे दोन्ही देऊ नयेत असेच सांगतात.

नसेच्या दुखण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबॅलिन या औषधाचा सायटिकामध्ये, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या अशा कळीत, उपयोग होतो का, हे ऑस्ट्रेलियात तपासले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत हे औषध बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही, चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. तुम्ही ते घेत असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. मणक्यातील स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही जणांना काही आठवडे उतार पडतो; त्याने गादी जागेवर जात नाही, पण असह्य कळीचा काळ निभावून नेण्यासाठी ते उपयोगी पडू शकते.

शस्त्रक्रियेबाबत नेदरलँड्समधील २००७ सालचा अभ्यास तुमच्या स्थितीच्या फार जवळचा आहे. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया लवकर झाली आणि इतरांना थांबवून उपचार दिले गेले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम बराच आधी मिळाला, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाल्याचे सांगत होते. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणांना मात्र पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे ताकद शाबूत असताना शस्त्रक्रियेने मुख्यतः वेळ वाचतो. तो वेळ तुमच्यासाठी किती मोलाचा आहे, झोप होते की नाही, काम किती अडले आहे, हे तुमच्याइतके कोणीच जाणत नाही. कळ पायात असेल तेव्हा या शस्त्रक्रियेचा गुण चांगला येतो. तक्रार केवळ कंबरदुखीची असेल, तर तसा भरवसा देता येत नाही.

दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटून, अंगठ्याची आणि घोट्याची ताकद तपासून ती कागदावर लिहून द्यायला सांगा. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांना ती आत्ताच का आणि आणखी सहा आठवडे थांबल्यास नेमके काय बिघडेल, हे विचारा. थांबायला सांगणाऱ्यांना किती थांबायचे आणि काय दिसले की त्यांचे मत बदलेल, हे विचारा.