कोटेड स्ट्रिंग्स घ्यायच्या का? इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी रत्नागिरीचा. पावसाळ्यात गिटारला तारांचा नवा सेट लावला की दोन आठवड्यांत गंज चढतो. कोटेड, म्हणजे वर पातळ संरक्षक थर दिलेल्या तारा घेतल्या तर हा त्रास संपेल का?

बराचसा संपेल, पण आधी गिटार उजेडात धर आणि गंज नक्की कुठल्या तारेवर आहे ते बघ. पहिल्या तीन तारा म्हणजे प्लेन, नुसती स्टीलची तार आणि वर कथलाचा पातळ मुलामा. बोटाचा घाम आणि खारी हवा लागली की बाराव्या फ्रेटच्या (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास बारीक तपकिरी ठिपके येतात, बेंड मारताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, वाळूवरून बोट फिरल्यासारखं खरखरतं. खालच्या तीन जाड तारा वाउंड, आत षटकोनी गाभा आणि वर निकेल चढवलेल्या स्टीलची गुंडाळी, त्या सहसा गंजाने नाही तर वेढ्यांच्या फटीत मळ बसून मरतात, म्हणजे त्यांचा आवाज बसतो. प्लास्टिकसारखं जे कोटिंग म्हणतात ते मुख्यतः या वाउंड तारांसाठी असतं. त्यामुळे तुझ्यासाठी प्रश्न असा की त्या सेटमधल्या प्लेन तारांना काय केलंय? एलिक्सर कंपनीच्या सेटमध्ये प्लेन तारांना वेगळं अँटी-रस्ट (गंजरोधक) प्लेटिंग असतं, दादारिओ कंपनीच्या एक्सटी सेटमध्येही प्लेन तारांना ट्रीटमेंट असते. पाकिटावर नुसतं 'कोटेड' वाचून घेऊ नकोस, प्लेनबद्दल काही लिहिलंय का ते शोध. आणि वाजवून झालं की सुती कापड तारेच्या वरून आणि खालूनही फिरव, खालची बाजू सगळे विसरतात आणि गंज तिथूनच धरतो. गिटार बॅगेत ठेवतोस तर आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाक.

प्रश्न : कोटिंगमुळे आवाज मऊ होतो, ट्रेबल (आवाजातली वरची धार) जातं असं बँडमधले म्हणतात. खरं का?

थोडं खरं आहे. कोटिंग चुंबकीय नसतं, पिकअपला (तारेचं थरथरणं टिपणाऱ्या चुंबकी भागाला) आतलं स्टीलच कळतं, पण वरचा थर तारेचं थरथरणं जरासं दाबतो म्हणून वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे उंच सूर) किंचित कमी होतात. थर किती जाड यावर सगळं आहे. एलिक्सरच्याच तीन जाती घ्या : पॉलीवेब सगळ्यात जाड आणि गुळगुळीत, नॅनोवेब पातळ, आणि 2017 साली आलेली ऑप्टीवेब आणखी पातळ, हाताला जवळजवळ साध्या तारेसारखी. एलिक्सर बनवणारी गोअर म्हणजे गोअर-टेक्सवालीच कंपनी, रेनकोटच्या कापडात जे फ्लुओरोपॉलिमर असतं तीच जातकुळी इथेही! त्यांचा इंजिनिअर डेव्ह मायर्स आधी सायकलच्या गिअर केबलवर हे कोटिंग लावून बघत होता, त्यातून तारांची कल्पना निघाली.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी साधा सेट जास्त चमकतो, पण तिसऱ्या आठवड्यात कोटेड पुढे असतो, आणि मला तो तिसरा आठवडाच महत्त्वाचा वाटतो कारण रोज नवा सेट कोण लावतं. ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) चालू असेल तर पहिल्या दिवसाचा फरकही ओळखणं कठीण जातं.

प्रश्न : माझ्या कोटेड तारांवर पिक (तार छेडायची छोटी चकती) लागतो तिथे पांढरे धागे सुटलेत. सेट डुप्लिकेट निघाला का?

तेवढ्यावरून डुप्लिकेट म्हणता येणार नाही. तारेवर वरून कोटिंग चढवलेलं असलं की पिकच्या जागी ते फाटून असा कापसासारखा तंतू निघतो, जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांना लवकर दिसतो. ओढत बसू नका, जास्तच सुटेल. आवाज चांगला असेल तर चालू द्या. याचाच वैताग येत असेल तर पुढच्या वेळी असा सेट बघा ज्यात गुंडाळायच्या तारेलाच आधी कोटिंग करून मग ती गाभ्यावर गुंडाळतात.

डुप्लिकेटची शंका मात्र रास्त आहे, ऑनलाइन नकली सेट भरपूर फिरतात. दादारिओच्या पाकिटात कोड असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. भाव फारच पडलेला दिसला तर मी तरी घेत नाही.

प्रश्न : आत्ता साध्या 9-42 आहेत (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांश भागात). कोटेड घेताना गेज, म्हणजे ही जाडी, बदलू का?

नका बदलू. कोटिंगने ताण वाढत नाही, 9-42 च्या जागी 9-42 च लावा, मग ट्रस रॉड (गळ्यातली ताण सांभाळणारी सळई), नट (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी) कशालाच हात लावावा लागत नाही. 10-46 वर गेलात तर ताण वाढतो, नेक (गळा) थोडी पुढे वाकू शकते, ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने हलणारा, ब्रिज वर उचलला जातो, आणि मग दोन्ही बदल एकदम केल्यामुळे हाताला जे वेगळं लागतंय ते कोटिंगमुळे की गेजमुळे हेच कळेनासं होतं. सुरुवातीला बेंड मारताना तार बोटाखालून निसटल्यासारखी वाटेल, चार-पाच दिवस वाजवलं की हात सरावतो.